दोन मजल्यांच्या मधला बूट

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्या लिफ्टमध्ये ती घडली ती लिफ्ट अजून वरखाली करते, ज्या पायावर बेतली तो पाय अजून हवा बदलली की कुरकुरतो, आणि जिच्यामुळे सगळं घडलं ती शिट्टी अजून खिळ्याला टांगलेली आहे. एवढा पुरावा असूनही लोक हसतात आणि विषय बदलतात. बदलू द्या.

तर एका जुन्या चार मजली इमारतीत एक लिफ्टमन होता. सगळी इमारत त्याला कप्तान म्हणायची. लिफ्टही त्याच्यासारखीच जुन्या वळणाची. पितळी मूठ, लाकडी भिंती, आणि कात्रीसारखा उघडमिट करणारा जाळीचा दरवाजा. कप्तान लिफ्ट मजल्याला इतकी बरोबर लावायचा की आतून गोटी सोडली तर लिफ्ट कुठे संपली आणि मजला कुठे सुरू झाला हे गोटीलाही कळत नसे. एकदा वरच्या मजल्यावरचे एक पेन्शनर त्याच्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या झोपले ते खाली पोचल्यावरही जागे झाले नाहीत. कप्तानाने त्यांना चार वेळा वरखाली फिरवून आणलं, तेव्हा कुठे त्यांची झोप पुरी झाली.

पण एक गंमत होती. आयुष्यभर वरखाली करूनही हा माणूस स्वतःच्या पायांनी एक मजलाही चढला नव्हता. निवृत्त झाल्यावर मालकाने चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्याला आणि त्याच्या बायकोला हयातभर राहायला दिल्या, तेव्हाही तो स्वतःच्याच लिफ्टने वर गेला.

बायको शाळेत कवायत शिकवायची. तीही निवृत्त झाली, शिट्टी मात्र नोकरीतच राहिली. तिने शिट्टी मारली की गच्चीवरची कबुतरं कठड्यावर एका रांगेत, सारखं अंतर ठेवून बसत. उतू जाणारं दूध पातेल्यात परत जाई. इमारतीत तिला शिट्टीबाई म्हणत, अर्थात ती ऐकत नसताना.

या दोघांना एकच मुलगा. त्याला आपण चिरंजीव म्हणू. चिरंजीव शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर राहायचे. ते पहाटे पळायचे, शर्यतीत भाग घ्यायचे, आणि भेटेल त्याला पाण्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत सल्ला द्यायचे. आई-बापांवर जीव होता, त्यात खोट नाही. पण जीव असला की माणूस ऐकत नाही, तसं झालं.

"लिफ्ट म्हातारी झालीय, बाबा," ते एका रविवारी म्हणाले. "आज आहे, उद्या नाही. बंद पडली तर तुम्ही दोघं वर अडकणार. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे."

ती मागची खोली कप्तानाने पाहिली होती. तिची खिडकी उघडली की समोर शेजारच्या घराची भिंत, इतकी जवळ की दाढी करायचा आरसा तिच्यावरच टांगावा. आयुष्यभर दर मिनिटाला वेगळा मजला बघितलेल्या माणसाला ती खोली आठवली तरी छातीवर कोणी ट्रंक ठेवल्यासारखं वाटायचं.

"आम्ही जिना चढू की," तो म्हणाला.

"तुम्ही?" चिरंजीव हसले. "बरं. पुढच्या रविवारी येतो. माझ्यासमोर खालपासून वरपर्यंत एका दमात चढून दाखवायचं. मध्ये बसायचं नाही. जो मध्ये बसला त्याने जिन्याच्या गोष्टी करायच्या नाहीत. दाखवलंत तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही तर सामान बांधायचं. मला बघा, मी दर वेळी पळत येतो आणि हा जिना एका दमात चढतो."

"आणि मी?" आईने विचारलं.

"तुझं काय बघायचं? तू उभी हयात कवायत घेतलीस."

"तेच म्हणते मी," आई पटकन म्हणाली. "आणि घरात बूट घालून काय बसलायस? काढ ते."

"असू दे गं, निघालोच मी," असं म्हणून चिरंजीव बूट न काढताच निघाले. जाताना बापासाठी आणलेले व्यायामाचे नवे बूट ठेवून गेले. पावाच्या लादीसारखा जाड तळ आणि डोळ्यांत भरणारा पोपटी रंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवायत सुरू झाली. शिट्टीबाई चौथ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभी. ती एक शिट्टी मारणार, कप्तान ज्या मजल्यावर पोचला असेल तिथून "हजर!" म्हणणार. पहिल्या दिवशी कप्तान खरोखरच चढला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला कोणीतरी चिमटा काढला आणि तो सोडलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून टाच खाली टेकली, तर खिळ्यावरच पडली असं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून घोटा फुगायला लागला. तो असा फुगला की दुसरा घोटा त्याच्या सावलीत उभा राहू लागला.

"अगं, पाय दुखतोय गं," त्याने एकदा सांगून पाहिलं.

"दुखतोय? म्हणजे जागा होतोय," ती म्हणाली. "इतकी वर्षं झोपला होता तो. जागा होताना कोण कुरकुरत नाही?"

पाय दुखतो म्हणावं तर मागची खोली. नाही म्हणावं तर जिना. दोन्हीकडून दार बंद.

मग कप्तानाने जे केलं ते फक्त लिफ्टमनच करू शकतो. त्या लिफ्टची एक खोड होती. चालू असताना जाळीचा दरवाजा अंगठाभर जरी सरकवला तरी ती जागच्या जागी थांबायची आणि मिटला की पुन्हा चालू लागायची. कप्तान खाली लिफ्टमध्ये शिरायचा. प्रत्येक मजल्याच्या जरा अलीकडे दरवाजा थोडासा सरकवायचा, फटीला तोंड लावायचा आणि धापा टाकत "हजर!" म्हणायचा. नुसत्या लिफ्टमधून म्हटलं असतं तर आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला असता. फटीतून तो थेट जिन्यात जायचा. मग दरवाजा मिटून पुढे. तिसऱ्यावर उतरून शेवटचा एक जिना लंगडत, पण चेहऱ्यावर घाम आणून चढायचा. घामासाठी त्याने खिशात ओला रुमाल ठेवला होता.

"बघा, सुधारणा आहे," शिट्टीबाई म्हणायची. "पहिल्या दिवशी केवढा वेळ लावलात!"

रविवार उजाडला. चिरंजीव दुपारी यायचे होते, म्हणून सकाळी एकदा शेवटचा सराव. पोपटी बुटात पाय कोंबताना कप्तानाच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. लेस बांधताच येईना, तरी त्याने ती आवळली. दुपारी काय करायचं याचा विचार त्याने केला नव्हता. दुपारचं दुपारी.

पहिला मजला. शिट्टी. "हजर!" दुसरा मजला. शिट्टी. "हजर!" तिसऱ्याच्या अलीकडे त्याने दरवाजा सरकवला. एका पायावर तोल सांभाळत फटीकडे वाकला, तोल गेला, आणि दुखरा पाय पुढे पडला तो नेमका फटीत. जाळीची कात्री बुटावर मिटली.

वरून शिट्टी आली.

"हजर!" तो म्हणाला. घाम या वेळी खरा होता.

त्याने पाय ओढला. बूट हलेना. दरवाजा मागे सरकवून पाहिला. जाड तळाने असा जीव धरला होता की दरवाजा ना उघडे, ना मिटे. बुटातून पाय काढायचा तर घोटा आत गच्च बसलेला. लेस सोडायला वाकायचं तर वाकायला जागा नाही, कारण मागे लाकडी भिंत आणि पुढे जाळी. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लटकलेली. समोर सिमेंटची आंधळी भिंत, आणि वर, कपाळाच्या उंचीला, तिसऱ्या मजल्याच्या फरशीची वीतभर पट्टी. त्या पट्टीतून जगातलं फक्त पायतळाचं दिसत होतं.

लाल घंटीचं बटण हाताशी होतं. ते त्याने इतकी वर्षं घासून घासून चकचकीत ठेवलं होतं, पण स्वतःसाठी कधी दाबलं नव्हतं. दाबलं की घंटा खालपासून गच्चीपर्यंत वाजणार. अख्खी इमारत दारात येणार. जिना चढणारा कप्तान लिफ्टमध्ये कसा, हा प्रश्न दुपारपर्यंत चिरंजिवांच्या कानावर जाणार. मग सामान, टेम्पो, आणि ती खिडकी. त्याने हात मागे घेतला.

वरून चौथ्या मजल्याची शिट्टी झाली. आता "हजर" म्हणावं तर समोर दिसावं लागणार. तो गप्प राहिला. पुन्हा शिट्टी. मग शांतता, आणि ती शांतता शिट्टीपेक्षा वाईट.

खालून शिंपीकाकांनी जाळी खडखडवली. ते तळमजल्यावर शिवणाचं दुकान चालवायचे. "कोणी दरवाजा उघडा टाकलाय रे वर? कप्तानाच्या वेळी असं नव्हतं हो! तो असता तर एकेकाचे कान उपटले असते!"

कप्तानाने ओठ घट्ट मिटले. स्वतःचं कौतुक इतकं टोचेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"लिफ्ट अडकलीय," शिंपीकाका खाली कोणालातरी सांगत होते. "जिन्याने जा. तुम्हाला काय, तरणे पाय."

तिसऱ्यापर्यंतचा जिना लिफ्टच्या मागच्या बाजूने चढायचा, त्यामुळे दिसलं काही नाही. पावलं मात्र ऐकू आली. एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. दुसरा मजला ओलांडून थोडं वर आली आणि थांबली. गेला असेल कोणी कोणाकडे, असं कप्तानाने स्वतःला सांगितलं. आता पाय ठणकत नव्हता, तो ढोल वाजवत होता. प्रत्येक ठोक्याला लिफ्टची तारही किंचित झुलते आहे असं त्याला वाटलं, आणि वाटलं म्हणजे झुलतच असणार.

किती वेळ गेला कोण जाणे. त्याने एक पाय, दुसरा पाय असं वजन बदलायचा प्रयत्न केला, पण बदलायला मोकळा पाय एकच होता. भिंत जवळ येतेय असं वाटू लागलं. त्याने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढेही भिंतच होती, शेजाऱ्याची, आणि तिच्यावर दाढीचा आरसा.

तेवढ्यात वरच्या पट्टीत पाय दिसले.

ते पाय त्याने ओळखले नसते तर नवल. पण ते ज्या तऱ्हेने येत होते ती तऱ्हा त्याने कधीच पाहिली नव्हती. शिट्टीबाई जिना उतरत होती. अंग आडवं वळवून, कठड्याला चिकटून, एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. टाचा जमिनीला लागतच नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावर आली आणि हळूच, कोणी बघत नाही याची खात्री करून, ती फरशीवर बसली. दोन्ही तळवे हातात धरले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आई गं."

कप्तानाला एकदम सगळं उमगलं. ती जिन्याच्या टोकाला उभी राहून शिट्टी का मारायची. बाजाराच्या पिशव्या दोरीने वर का ओढायची. "तुझं काय बघायचं" म्हटल्यावर एवढ्या पटकन "तेच म्हणते मी" का म्हणाली. महिना महिना ती खाली उतरली नव्हती आणि हा तिला राणीसारखी वर उभी आहे म्हणत होता.

गप्प राहिलं असतं तर ती थोड्या वेळाने उठली असती. पण तिला वर चढता आलं असतं का?

"हजर," कप्तान हळूच म्हणाला.

ती दचकली. इकडेतिकडे पाहिलं. मग फरशीवर आडवी होऊन तिने पट्टीतून खाली डोकावलं. नाकासमोर नाक आलं.

"अहो! तुम्ही लिफ्टमध्ये?" ती कुजबुजली.

"आणि तू टाचा न टेकता?"

"माझं नका काढू. तुम्ही आठवडाभर मला फसवलंत!"

"आणि तू किती महिने?"

"मी फसवलं नाही, मी बोलले नाही. दोन्ही वेगळं."

"बरं, बोलली नाहीस. का बोलली नाहीस?"

"मी म्हटलं, माझे पाय गेले असं कळलं तर तो आज रात्रीच टेम्पो आणेल. म्हणून तुम्हाला चढायला लावलं. म्हटलं, एकाचे तरी पाय चालू दिसू देत."

"तुझ्यासाठी मी माझ्या घोट्याचा भोपळा केला."

"दाखवा बघू."

"कसा दाखवू? अडकलाय. बूट निघत नाही आणि दरवाजा हलत नाही."

शिट्टीबाईने शिट्टी तोंडात घातली, आणि काढून पुन्हा खिशात ठेवली. इतकी वर्षं शिट्टीवर चाललेली बाई पहिल्यांदा साध्या आवाजात कवायत घेऊ लागली.

"ओढू नका. ओढताय म्हणून फुगतोय तो. हात वर, जाळीला धरा. वजन हातांवर. आता फक्त अंगठा खाली करा. दुखेल तिथे थांबायचं."

"थांबायचं?" कप्तानाचा कानांवर विश्वास बसेना. "दुखलं की थांबायचं, हे तू सांगतेस?"

"माझ्या टाचांनी शिकवलं. तोंड बंद. अंगठा वर. आता बुटाच्या आतल्या आत गोल फिरवा. जसं पीठ सैल करतात तसं. घाई नाही."

कप्तान जाळीला लटकून अंगठा खाली, अंगठा वर करत राहिला. घोटा आधी भांडला, मग कंटाळला, मग हळूहळू बुटाशी त्याचं जमेना. मध्येच एकदा खालून जिन्यात कोणी खोकल्यासारखं वाटलं. दोघं श्वास धरून थांबले. पुन्हा काही नाही. आणि एकदम फुस्स असा आवाज झाला. पाय बाहेर! रिकामा झालेला बूट दबला, जाळीतून निसटला आणि अंधारात खाली गेला. तो तळाशी पडल्याचा आवाज आला तेव्हा कप्तानाचे केस विंचरूनही झाले होते, इतका वेळ तो पडत होता.

दरवाजा मिटला. लिफ्ट गुरगुरली आणि वर आली, तिसऱ्याच्या फरशीला अशी लागली की गोटीला कळलं नसतं. शिट्टीबाई बसल्या बसल्याच आत सरकली. दोघं एकमेकांना धरून चौथ्यावर उतरले.

"आता त्याला काय सांगायचं?" तिने दार लोटत विचारलं.

"ते माझ्यावर सोड," कप्तान म्हणाला. बाकी काही अडलं तरी थापा मारताना त्याचा पाय कधी दुखला नव्हता.

त्याचा पाय थंड पाण्याच्या घमेल्यात टेबलाखाली जातोय न जातोय तोच दारावर थाप पडली. चिरंजीव. दुपारचे यायचे ते सकाळीच. कपाळावर घाम, चौकटीला एक हात.

"लिफ्ट बंद होती," ते म्हणाले. "मी आपला एका दमात आलो." आणि दारापासून जवळची खुर्ची होती तिच्यावर बसले. पुन्हा बूट न काढता. "बाबा, तुमचा दुसरा बूट कुठाय?"

कोपऱ्यात एकटा पोपटी बूट पडला होता. शिट्टीबाईने कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने घसा साफ केला.

"अरे, सांगितलं तर खोटं वाटेल तुला. आत्ता थोड्या वेळापूर्वी सरावाला निघालो. पहिला मजला कधी गेला कळलं नाही. दुसऱ्यावर पाय असे तापले की कठडा ऊन लागायला लागला. तुझी आई साक्षीला आहे, तिने शिट्टी मारली आणि तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचायच्या आत मी पुढच्या मजल्यावर. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या पायऱ्यांवर एवढा वेग आला की मी पुढे निघालो आणि बूट मागे राहिला. जिन्यातच आहे तो. अजून धूर निघत असेल. मी म्हटलं, राहू दे, थांबलो तर दम तुटेल. मध्ये बसायचं नाही असं ठरलंय ना आपलं? मी तर वाकलोसुद्धा नाही! विचार तिला."

"खरंय," शिट्टीबाई म्हणाली. "मी स्वतः मोजलं."

"शिंपीकाका तर म्हणाले, खालून वर वारं गेलं. त्यांचं कापड उडालं. आता तूच सांग, असा माणूस मागच्या खोलीत मावेल का?"

चिरंजिवांनी मान वर केली. चेहऱ्यावर बापाला रंगेहाथ पकडल्याचा आनंद मावत नव्हता, आणि त्या आनंदात माणसाला पुढचं सुचत नाही.

"पुरे, बाबा! धडधडीत खोटं बोलताय तुम्ही. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या पायऱ्यांवरून ना तुम्ही गेलात, ना तुमचा बूट. तेवढा सगळा वेळ मी तिथेच बसलो होतो!"

"बसला होतास?" आई म्हणाली.